मवाळ

(दृश्य: अपशिंगे, जिल्हा सातारा. उतरती दुपार. स्मारकावर तिरपं ऊन.)

"ऊन जरा मवाळ झालं की निघा," साताऱ्याकडची जुनी माणसं पाव्हण्याला असं सांगतात. तसंच ऊन आत्ता या दगडावर पडलंय.

हे अपशिंगे. गावाच्या नावापुढं 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धाला इथून गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत. आजही इथं घरटी कुणी ना कुणी फौजेत आहे, नाहीतर फौजेतून पेन्शनीवर आलेला.

'लढाईआधी बोलणी करून बघा' म्हणणाऱ्या राजकारण्याला आपण मवाळ म्हणतो. बहुतेकदा नाक मुरडूनच म्हणतो. हा शब्द या गावात उभं राहून तपासावा, म्हणून आम्ही इथं आलो.

(दृश्य: चुलीवर तवा, पाट्यावर मिरचीचा ठेचा.)

इंग्रजीत या वृत्तीला कबुतर म्हणतात आणि युद्धाची भाषा करणाऱ्याला ससाणा. १९६२च्या क्युबा पेचप्रसंगापासून ही जोडी जगभर रुळली. आपल्याकडं मात्र शब्द घरातलेच होते. ठेचा जहाल असतो, विष जहाल असतं. ऊन मवाळ होतं, थंडी मवाळ होते, एखाद्याचा स्वभावही मवाळ असतो.

आणि शब्द आजचा नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात, जिथं अहिंसेचं विवरण चाललंय, तिथं अहिंसक माणसाच्या बोलण्याबद्दल ओवी येते: "तैसें साच आणि मवाळ। मितलें आणि रसाळ।" आधी साच, म्हणजे खरं. मग त्याला लागून मवाळ. मला ही जोडी फार मोलाची वाटते. खरं न सोडता मऊ बोलणं, एवढा कस या शब्दाला तेव्हा होता.

(दृश्य: जुनी वृत्तपत्रं.)

राजकारणात तो पक्का झाला काँग्रेसमधल्या फुटीनं. १९०७, सुरत. टिळकांचे ते जहाल, गोखल्यांचे ते मवाळ. वाद इंग्रजांशी कोणत्या मार्गानं झगडायचं याचा होता. पण तेव्हापासून मवाळ म्हणजे अर्ज-विनंत्या करणारा, असा शिक्का बसला. याच गोखल्यांनी १९०२ साली, समोर लॉर्ड कर्झन बसलेला असताना, आकडे मांडून मिठावरच्या कराला आणि वाढत्या लष्करी खर्चाला विरोध केला होता. आवाज चढवला नाही, आणि आकडाही सोडला नाही.

कच खाणाऱ्याला मराठीत कचखाऊ हा शब्द आहे. ठाम भूमिका टाळणाऱ्या धोरणाला बोटचेपं म्हणतात. हे दोन्ही शब्द हाताशी असताना त्यांचं ओझं मवाळच्या डोक्यावर का द्यायचं?

(दृश्य: देवराष्ट्रे, जिल्हा सांगली.)

यशवंतराव चव्हाण इथले. त्यांचा जन्म १९१३चा. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं. चीनच्या युद्धात ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि 'हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला' हे वाक्य महाराष्ट्राच्या तोंडी बसलं. १९६५चं युद्ध त्यांच्याच कारकिर्दीत झालं. आणि १० जानेवारी १९६६ला ताश्कंदमध्ये करार झाला, तेव्हा शास्त्रीजींबरोबर गेलेल्यांतही यशवंतराव होते. फौज पाठवणारा माणूस समेटाच्या बोलण्यांनाही हजर होता. या दुसऱ्या प्रवासाचं वाक्य मात्र आपण कधी पाठ केलं नाही.

हल्ली व्याजदर वाढवायला नाखूश असलेल्या रिझर्व्ह बँकेलाही बातम्यांत मवाळ म्हणतात. शब्द चालता आहे, हे बरंच आहे.

(दृश्य: अपशिंगे, रात्र. ओसरीवर एक बाई, कानाशी मोबाइल.)

टीव्हीवर सीमेची चर्चा तापलेली असते, त्या रात्री अशा घरातला टीव्ही बारीक होतो. फोन लागेपर्यंत कुणी जेवत नाही. मग तिकडून आवाज येतो आणि आई पहिलं विचारते:

"तिकडं समदं शांत हाय न्हवं, बाळा?"