टीची खूण दोनदा येते

(घाट रोड. अर्धं वर केलेलं शटर.)

मे महिना, सकाळचे सहा. ही मोटारसायकल काल संध्याकाळीच आली, पण तिला रात्रभर कोणी हात लावला नाही. टॅपेट सेट करणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली बारीक फट, म्हणजे गॅप, जुळवणं. ते थंड इंजिनावरच होतं. काही सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तर ३५ अंशांच्या खाली, असं स्पष्ट छापलेलं असतं. उन्हाळ्यातल्या नागपुरात त्यासाठी पहाटच गाठावी लागते.

पिस्टन फिरवतो तो क्रँक आणि रॉकरमार्फत व्हॉल्व्ह उघडतो तो कॅम. या दोघांना जोडणारी टायमिंग चेन नवी बसवून झाली आहे. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक, म्हणून कॅमच्या चाकाला दुप्पट दात. ३४ दातांच्या चाकावर चेन एक दात जरी सरकली, तरी क्रँकच्या हिशेबात जवळपास २१ अंशांची चूक होते. गाडी सुरू होईलही, पण चढावर दम तोडेल.

(क्रँकच्या टोकाला बसलेल्या मॅग्नेटवरची टीची, म्हणजे T अक्षराची, खूण खाचेसमोर येते. शिकाऊ पोरगा फट मोजायच्या पातीचं फीलर गेज उचलतो.)

"थांब बे. आधी रॉकर हालवून पाह्य."

रॉकर हलत नाही.

टीची खूण दोनदा येते. पिस्टन दोन्ही वेळा वरच असतो. कॉम्प्रेशनच्या, म्हणजे मिश्रण दाबण्याच्या, शेवटी दोन्ही व्हॉल्व्ह बंद. पण धूर बाहेर टाकून संपताना एक्झॉस्ट, म्हणजे धूर सोडणारा व्हॉल्व्ह, पुरता मिटलेला नसतो आणि मिश्रण आत घेणारा इनटेक उघडू लागलेला असतो. हा ओव्हरलॅप. निघून जाणारा धूर आपल्यामागे ताजं मिश्रण ओढून घेतो. किती विचार आहे या काही अंशांत! या वेळी घेतलेलं माप मात्र खोटं.

मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरा फिरतं. आता रॉकर खुळखुळतो.

गॅप जास्त राहिला तर टकटक येते. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो. म्हणजे टायमिंगच बदललं. कमी राहिला तर जास्त वाईट. तापून लांबलेला व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, नीट टेकत नाही. आपली बरीचशी उष्णता तो सीटलाच देत असतो. ती वाट बंद झाली की एक्झॉस्ट जळतो. आवाज मात्र काहीच नसतो.

गेजची पाती किंचित अडत सरकते. नट कसला, की पुन्हा माप. कसताना गॅपचा स्क्रूही फिरतो.

"झालं काय भाऊ? किक मारू?"

"हातानं दोन फेरे फिरव आधी."

पोरगा पाना लावतो. सावकाश, कुठे अडतं का ते बघत. खूण येते. तो थांबतो, आणि न सांगता रॉकर हालवून बघतो.