ऑपरेशन पोरीचं, पण पोरीला विचारलं का?

(अमळनेर येथे पालक आणि शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही. पाठीला बाक आलेल्या पोरांना ऑपरेशनसाठी तयार करणं, नंतर उठवणं, बसवणं, चालवणं आणि त्यांच्या आईबापांचा धीर टिकवणं हे माझं काम. त्यामुळे थिएटरच्या आत काय होतं ते मी थोडक्यात उरकणार आहे. दाराबाहेर काय होतं यावर जास्त बोलेन.

आपल्याकडे पाठीचा बाक पुष्कळदा डॉक्टरच्या आधी शिंप्याला दिसतो. जूनमध्ये शाळेचा ड्रेस शिवायला टाकला की तो म्हणतो, "ताई, पोरीचा एक खांदा उतरतोय, माप नीट बसत नाही." आई म्हणते, दप्तराने झालं असेल. तिथेच सहा महिने जातात. इथे शिक्षक बसलेत म्हणून सांगते: मुलाला दोन्ही पाय जुळवून, गुडघे न वाकवता पुढे वाकायला लावा आणि मागून पाठ पाहा. एका बाजूच्या बरगड्या वर उचललेल्या दिसल्या तर पालकांना बोलवा. या तपासणीला ना यंत्र लागतं ना पैसा. फक्त मुलींची तपासणी बाईंनी करायची, आडोशाला करायची, अख्ख्या वर्गासमोर नाही.

एक्स-रेवर मणक्याचा कोन मोजतात. ही पद्धत जॉन कॉब या अमेरिकन सर्जनने १९४८ साली मांडली आणि आजही तीच चालते. कोन १० अंश किंवा त्याहून जास्त असला की स्कोलिओसिस म्हणतात. वाढीच्या वयातल्या शंभरातल्या दोन-तीन मुलांना तो असतो, पण बहुतेकांचा किरकोळ. मोठा बाक मुलींमध्ये कितीतरी जास्त दिसतो. मूल वाढत असेल आणि कोन साधारण २५ ते ४० असेल तर ब्रेस, म्हणजे बाक वाढू नये म्हणून अंगाला बांधायचं कवच, देतात. ब्रेसचा उपयोग होतो का, हे २०१३ साली एका मोठ्या अभ्यासाने तपासलं. ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, न घालणाऱ्यांपैकी ४८ टक्के मुलांचा. मात्र तो दिवसातले १८ तास घालायचा असतो, आणि मे महिन्यात, पारा ४४ वर असताना, अंगाला प्लास्टिकचं कवच बांधून बसणं म्हणजे काय हे भुसावळच्या माणसाला सांगायला नको. पोरीने ब्रेस काढून ठेवला तर तिच्यावर ओरडण्याआधी आपण तो तासभर अंगावर चढवून पाहावा.

कोन ४५-५० च्या पुढे गेला की ऑपरेशनचा विषय निघतो, कारण एवढा मोठा बाक वाढीचं वय संपल्यावरही हळूहळू वाढतच राहतो.

आता आयांसाठी एक गोष्ट, आणि ती मी मोठ्याने सांगणार आहे. या वयात येणाऱ्या बहुसंख्य बाकांचं नेमकं कारण सापडत नाही. काही घरांत अनुवंश दिसतो. पण दप्तराने, एका कुशीवर झोपल्याने, हंडा कमरेवर घेतल्याने, गरोदरपणी ग्रहण पाहिल्याने हा बाक येत नाही. ज्या सासूबाई सुनेला ग्रहणाबद्दल ऐकवतात त्यांनी आजपासून थांबावं. मालीश करून, दाराच्या चौकटीला लटकवून किंवा हाडवैद्याकडून पाठ दाबून घेऊनही तो सरळ होत नाही.

ऑपरेशन ठरलं की घरात चर्चा सुरू होते. डॉक्टर वडिलांना सांगतात, वडील मोठ्या काकांना, काका नाशिकच्या ओळखीच्या माणसाला. मामा मुंबईहून फोन करतात. ज्या पोरीची पाठ आहे ती आतल्या खोलीत बसून भिंतीपलीकडून हे ऐकते, अर्धवट ऐकते, आणि उरलेलं मोबाइलवर शोधते.

शहाद्याकडची चौदा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली होती. वडिलांनी मला आधीच बाजूला घेऊन बजावलं, "मॅडम, तिला ऑपरेशनचं काही बोलू नका, घाबरेल." मी त्यांना बाहेर बसवलं आणि तिला विचारलं, तुला कशाची भीती वाटते? मला वाटलं होतं, पाय जातील म्हणेल. ती म्हणाली, "कपडे काढतील तेव्हा तिथे पुरुष असतील का? आणि माझे केस कापतील का?" घरातल्या एवढ्या चर्चांत हे दोन प्रश्न कुणाच्या डोक्यात आले नव्हते. उत्तरं सोपी होती. कपडे भूल दिल्यानंतर काढतात, अंग झाकलेलं असतं, जेवढी पाठ लागते तेवढीच उघडी करतात. थिएटरमध्ये पुरुष डॉक्टर असतील, बायकाही असतील. केस कापत नाहीत. दोन घट्ट वेण्या घालून जायचं, म्हणजे झोपून राहिल्यावर गुंता होत नाही. आणि याच दिवसांत पाळी येऊ शकते, टेन्शनने लवकरही येते, तेव्हा पिशवीत पॅड ठेवायचे आणि नर्सला सांगायला लाजायचं नाही. ती पोरगी त्यानंतर पहिल्यांदा नीट बसून बोलली.

या वयाचा हा बाक बहुतेक वेळा इमर्जन्सी नसतो. हातात आठवडे असतात, बहुधा महिने असतात. म्हणून दुसऱ्या सर्जनचं मत घ्या, आणि तिला घेऊनच घ्या. तिचे प्रश्न तिने स्वतः वहीत लिहावेत, स्वतः डॉक्टरांना विचारावेत. वडिलांनी मधे उत्तर देऊ नये. हे बापांना फार जड जातं, मी पाहिलं आहे.

सांगायचं काय? खरं. पाठीच्या मधोमध लांब चीर असेल. मणक्यांत स्क्रू बसवतील, दोन सळ्या जोडतील, कणा जमेल तेवढा सरळ करतील आणि हाडाचा चुरा भरतील, म्हणजे तेवढे मणके काही महिन्यांत एकमेकांना जुळून जातात. तेवढा भाग पुढे वाकणार नाही, पण कमरेतून आणि खुब्यातून ती वाकेल. चार-सहा तास लागतील, कधी जास्त. उंची एकदम थोडी वाढेल. ही बातमी पोरींना आवडते. "काही दुखणार नाही बेटा" हे वाक्य मात्र घरात बोलू नका, कारण दुसऱ्या दिवशी ती तुमच्यावर विश्वास ठेवणं सोडून देईल, आणि नेमक्या त्याच दिवशी मला तिला उभं करायचं असतं.

पाय जाण्याच्या भीतीबद्दल. धोका शून्य नाही. या प्रकारच्या बाकात मज्जातंतूंना इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे. ऑपरेशन चालू असताना मेंदूपासून पायांपर्यंत संदेश पोचतात का हे यंत्रावर सतत पाहतात. क्वचित भूल हलकी करून "पाय हलव" असंही सांगतात. हे तिला आधी माहीत असावं. तुमच्या हॉस्पिटलात संदेश पाहण्याची ही सोय आहे का, हे तुम्ही विचारायलाच हवं. त्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही.

घरातल्या जुन्या माणसांची भीती वेगळ्या काळातली आहे. पॉल हॅरिंग्टन यांनी अमेरिकेत पोलिओच्या मुलांसाठी स्टीलची सळी बनवली आणि १९६२ साली तिच्याबद्दल लिहिलं. तेव्हा ऑपरेशननंतर मुलं प्लास्टरमध्ये महिनोन्महिने पडून असत. आजोबांनी तसं कुणी पाहिलं असेल तर ते "पोरगी खाटेला खिळेल" म्हणणारच. त्यांच्यावर चिडू नका. आज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभं करतात, हे त्यांना कुणीतरी शांतपणे सांगा.

ऑपरेशनच्या आधीची एक तपासणी आपल्या भागात विसरून चालणार नाही. नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव या पट्ट्यात, भिल्ल आणि पावरा समाजांत विशेषतः, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे. अंगातलं पाणी कमी झालं, शरीर गार पडलं, ऑक्सिजन उतरला की अशा मुलाला त्रास होतो, आणि मोठ्या ऑपरेशनमध्ये या तिन्ही गोष्टी होऊ शकतात. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला मूल कुठलं आहे हे कळेलच असं नाही. तुम्ही सांगा. ऑपरेशनला अडचण येतेच असं नाही, पण भूल देणाऱ्याची तयारी वेगळी असते. आणि मुलीचं हिमोग्लोबिन आठ-नऊ असेल तर आधी ते वाढवा, त्यासाठीही वेळ आहे.

पैशाचं बोलू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात, पण योजना ज्या रुग्णालयात आहे तिथेच, आणि ठरलेल्या पॅकेजांतच. तिथल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दाखल होण्याआधी जा आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारा: सळ्या-स्क्रूंचा खर्च यात धरला आहे का? कापूस विकून आलेला पैसा कुठे जाणार हे त्या उत्तरावर ठरतं.

घरातली कामं आधीच वाटून घ्या. रक्त कोण देणार, रात्री कोण थांबणार, गुरांचं कोण पाहणार. आणि फोन कोण उचलणार. हे वेगळं काम आहे, कारण "पोर कशी शे?" विचारणारे दिवसाला पन्नास फोन आईलाच येतात, आणि पन्नासाव्या फोनला ती रडते. एका काकाने सगळ्यांना मेसेज टाकावा. धाकट्या भावाला मामाकडे पाठवलंत तर का पाठवलं ते त्यालाही सांगा. नाहीतर तो समजतो, आपलं काहीतरी चुकलं.

हॉस्पिटलातले दिवस. ऑपरेशनहून बाहेर आल्यावर तिचा चेहरा सुजलेला असेल, कारण कित्येक तास ती पालथी होती. सूज उतरते. आईला हे आधी माहीत नसेल तर ती दारातच हंबरडा फोडते आणि पोरगी ते ऐकते. लघवीची नळी असेल, जखमेतून एखादी नळी असेल. कुशीवर वळताना खांदे आणि कंबर एकदम वळवायचे, मधे पीळ द्यायचा नाही. आम्ही हे आधी घरच्या पलंगावर शिकवतो. तसंच ते तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र: दहापैकी आठ जण त्यात फुंकतात. फुंकायचं नसतं, ओढायचं असतं! आठवडाभर आधी घरी सराव करा.

दुखणं दहापैकी किती, असं विचारतात. आपल्या पोरी सातला तीन सांगतात, कारण लहानपणापासून "सहन कर, रडू नको" ऐकलेलं असतं. या एका ठिकाणी हे शिक्षण घातक आहे. दुखत असेल तर ती खोल श्वास घेत नाही, चालत नाही. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती चिडेल, "कशाला केलं हे" म्हणेल, पोट साफ नसेल, जेवण नको वाटेल. हा दिवस जवळजवळ प्रत्येकीला येतो. उपदेश करू नका. मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून द्या आणि खोलीतून बाहेर जा.

घरी आणताना मोटारसायकल नाही, ट्रेनचा वरचा बर्थ नाही. गाडीने आलात तर तासा-दीड तासाने उतरवून चार पावलं चालवा. घरी झोळ पडलेली खाट नको, जमिनीवरची गादीही नको. सपाट, गुडघ्याएवढा उंच पलंग हवा. संडास भारतीय असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणा. पाळीत बाजूला बसवण्याची रीत असेल तर ती मोडा. जमिनीवर बसून उठणं तिला जमणार नाही. भेटायला येणारे जखमेला हात लावणार नाहीत आणि "बिचारी" म्हणणार नाहीत, हे दारातच सांगा.

एक नवसाचं. चैत्रात खान्देशातून वणीच्या गडाला पायी जाणारे खूप. "पोर बरी झाली की तिला पायी आणीन" असा नवस आई बोलते. अहो, नवस तुम्ही बोललात, पाय तिचे का? चालणं तिला चांगलंच आहे, रोज चालवा, पण चैत्राच्या उन्हातली ती वाट पहिल्या वर्षी नको. तुम्ही पायी जा. तिला गाडीने न्या, गडावर आता ट्रॉलीही आहे.

शाळेत साधारण महिना-दीड महिन्याने, आधी अर्धा दिवस. पुस्तकांचा एक संच शाळेत, एक घरी. पीटीच्या सरांना सर्जनची चिठ्ठी द्या. खेळ, उड्या, वजन उचलणं सहा महिने ते वर्षभर बंद असतं, नेमकं किती ते सर्जन एक्स-रे पाहून सांगतात.

आता चिठ्ठीवर आलेला एक प्रश्न. "लग्नाच्या वेळी सांगायचं का? मूलबाळ होईल का?" मूल होण्याला या ऑपरेशनने अडथळा येत नाही, आणि केवळ सळ्या आहेत म्हणून सिझेरियन करावं लागत नाही. कमरेतून भूल देणं मात्र अवघड जाऊ शकतं, म्हणून तेव्हाच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. लग्नाच्या वेळी सांगायचं की नाही, कधी आणि कुणी, हे ती ठरवेल. ती तेव्हा वीस-बावीस वर्षांची असेल. तुम्ही एवढंच करा: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोट, कुठल्या मणक्यापासून कुठल्या मणक्यापर्यंत जोडलं ते आणि सळ्या कुठल्या धातूच्या ते लिहिलेला कागद, आधीचे आणि नंतरचे एक्स-रे, हे सगळं एका फाइलीत घाला. फाइल वडिलांच्या कपाटात ठेवू नका, तिच्याकडे द्या.