दप्तर एकदा काट्यावर ठेवा

नमस्कार श्रोतेहो. आज रात्री मुलांनी दप्तर भरून ठेवलं की ते एकदा काट्यावर ठेवून बघा. घरी काटा नसेल तर कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार नाही म्हणणार नाही. मुलाच्या वजनाच्या 10 टक्के, त्याहून जड दप्तर नको. मूल 25 किलोचं असेल तर अडीच किलो, बस्स!

हा नियम काही माझ्या मनाचा नाही. जुलै 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने तसा शासन निर्णय काढला. 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही हेच प्रमाण आहे. त्याच्या किती आधी, 1989 मध्ये, लेखक आर. के. नारायण राज्यसभेत मुलांच्या दप्तरांबद्दल कळकळीने बोलले होते. तरीही 2016 मध्ये चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांना पत्रकार परिषद घेऊन सांगावं लागलं, की हे ओझं आम्हाला पेलवत नाही. मुलांवर ही वेळ आली, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी मुलांची डॉक्टर. पाठदुखी घेऊन मूल आलं की त्याचं दप्तरही उघडायला लावते. सहावीतल्या एका मुलीच्या दप्तरातून त्या दिवशी तासच नसलेल्या विषयांच्या जाडजूड वह्या निघाल्या, गाईड निघालं, क्लासची वेगळी वही निघाली. आणि लिटरभराची स्टीलची बाटली. नुसतं पाणीच एक किलो! शाळेच्या नळाचं पाणी प्यायला नको, असं आईचं म्हणणं. त्यात तिचं काय चुकलं? शाळेत पिण्याचं स्वच्छ पाणी असेल तर उद्यापासून पाठीवरचा एक किलो उतरेल. पुढच्या पालकसभेत मार्कांच्या आधी पाण्याचं विचारा.

दप्तराचे दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर हवेत, तेही रुंद. जड पुस्तकं पाठीला लागून ठेवायची. दप्तर कमरेखाली लोंबत असेल तर पट्टे आवळा.

दप्तराने कणा कायमचा वाकतो, अशी भीती मात्र बाळगू नका; तसा ठोस पुरावा नाही. पाठ दुखायला तासन्‌तास एकाच जागी बसणं, मान खाली घालून मोबाईल बघणं आणि मैदानावर न जाणं हेही कारण असतं. म्हणून दप्तर हलकं करून खेळाचा तास गणिताला देऊन टाकलात, तर फारसा उपयोग नाही.

आता जरा नीट ऐका. पाठदुखीने मूल रात्री झोपेतून उठत असेल, सोबत ताप असेल, वजन घटत असेल, तर दप्तराला दोष देऊन बाम चोळत बसू नका. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग मुलांनाही होतो आणि वेळेवर औषधं सुरू केली तर तो बरा होतो. अशा मुलाला एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवाच. पायांतली ताकद कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी, थेट मोठ्या रुग्णालयात न्या.