गेरू, कोळसा आणि खाकी कागद

[दृश्य: नदीकाठ, पलीकडे दाट जंगल. कच्च्या रस्त्यावरून जाणारी दुचाकी, मागे बांधलेला पत्र्याचा डबा.]

भामरागड. गडचिरोली जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा तालुका. पामुलगौतमी, पर्लकोटा आणि इंद्रावती इथे एकत्र येतात, आणि पलीकडे छत्तीसगड सुरू होतं. 1980च्या आसपास नक्षलवादी चळवळ या जंगलात आली. त्यानंतर चकमकी, भूसुरुंग, खबऱ्या ठरवून झालेल्या हत्या आणि पोलीस आणि नक्षलवादी अशा दोन्हीकडून होणारी विचारपूस यांच्या सावटाखाली इथली माडिया आदिवासींची गावं जगत आली. ऑक्टोबर 2025 मध्ये या चळवळीचे वरिष्ठ नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. वातावरण निवळतं आहे. पण अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलाला बातम्या कळत नाहीत. हेलिकॉप्टरचा आवाज आला की घरातली मोठी माणसं बोलायची थांबतात, एवढं त्याला कळतं.

अशा ठिकाणच्या अंगणवाडीत चित्र आणि मातीकामाची सत्रं घ्यायला रंग घेऊन जाणाऱ्या स्वयंसेवकाची तयारी कागदाच्या आधी सुरू होते.

[दृश्य: गावातली बैठक. गावपाटील, महिला, अंगणवाडी सेविका.]

आधी सेविकेशी बोलायचं, मग गावपाटील, भूमिया (गावचा पारंपरिक पुजारी) आणि ग्रामसभा. कोण येणार, किती वेळ, काय करणार, हे सगळ्यांसमोर सांगायचं. पोलिसांच्या गाडीतून यायचं नाही. खाकी किंवा हिरवट ठिपक्यांचे कपडे घालायचे नाहीत. गावात कोण येऊन गेलं, हा प्रश्न मुलांना काय, मोठ्यांनाही विचारायचा नाही. बाहेरचा माणूस असं विचारू लागला की त्याची किंमत गावाला मोजावी लागते.

वेळ गावाच्या कामावर ठरते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोह वेचणं चालतं आणि लहानगी आईबरोबर जातात, म्हणून दहाच्या आधी कुणी भेटत नाही. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम. आठवडी बाजाराच्या दिवशी निम्मी मुलं गैरहजर.

[दृश्य: खलबत्त्यात कोळसा कुटणारे हात. ओल्या फडक्यातून गाळलेला गेरू.]

आता सामान. वीस मुलांसाठी तेलखडूंचे बारा रंगांचे चार संच पुरतात. प्रत्येक खडूचा कागद सोलून त्याचे दोन तुकडे करायचे. तुकडा लहान मुठीत नीट बसतो, आणि पूर्ण खडू कुणाला मिळाला यावरून भांडणही होत नाही. काळा आणि लाल सर्वांत आधी संपतात, ते जादा ठेवायचे. कागद जाड खाकी, फुलस्केपच्या दुप्पट. त्यावर गेरू आणि पांढरा दोन्ही उठून दिसतात. कोपऱ्यांवर चार दगड ठेवले नाहीत, तर पहिल्याच झुळकीला कागद उडतो आणि मुलं त्याच्यामागे.

बाकीचे रंग गावातच बनतात. अर्धी वाटी थंड पाण्यात दोन चमचे कणीक कालवायची, दोन वाट्या उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळायची. ही खळ. एक वाटी खळीला दोन चमचे गाळलेला गेरू किंवा कोळशाची पूड. कोळसा कुटताना थोडं पाणी शिंपडायचं, नाहीतर धूळ श्वासातून आत जाते. पळसाची फुलं रात्रभर भिजवून उकळली की केशरी पाणी मिळतं. पांढऱ्यासाठी पांढरी माती किंवा फळ्याचा खडू. चुना कधीच नाही, तो डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. खळ उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून रोज ताजी.

पिठाचे रंगीत गोळे मात्र इथे करू नयेत. शहरातल्या बालवाडीत ते सर्रास चालतात. वीस मुलांना किलोभर पीठ लागतं, आणि ज्या अंगणवाडीत मुलांचं वजन दर महिन्याला काळजीने पाहिलं जातं, तिथे पीठ खेळून फेकणं आयांना पटत नाही. पटू नयेच. बांधावरची चिकण माती चाळून रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवली की पुरे. अंगठ्याएवढी वळी बोटाभोवती वळवून पाहायची. भेगा पडल्या तर पाणी हवं, हाताला चिकटली तर कोरडी माती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत परिसरातल्याच वस्तूंवर बालवाडी उभी केली. हे त्याच वाटेवरचं काम.

[दृश्य: मुलं गोलात. मधोमध माती, बाजूला कागद.]

सत्र पाऊण तासाचं. क्रम रोज तोच: हात धरून गोल, एक माडिया गाणं, माती, चित्र, हात धुणं, पुन्हा तेच गाणं. वीस मुलांमागे दोन स्वयंसेवक, सेविका आणि मदतनीस. कुठलंही मोठं माणूस कुठल्याही मुलाबरोबर एकटं आडबाजूला बसत नाही.

या ठरलेल्या क्रमाला चित्रापेक्षा जास्त महत्त्व आहे. ज्या घरात रात्र कशी जाईल हे सांगता येत नाही, तिथल्या मुलाला पुढे काय होणार हे आधी माहीत असणं, आणि कोणता रंग घ्यायचा हे स्वतः ठरवता येणं, यातून धीर येतो. म्हणून नवलाईच्या हौसेने रोज नवा खेळ आणणारे स्वयंसेवक इथे कमी पडतात. फुगेही नकोत. एक फुटला की अर्धी मुलं दाराबाहेर.

माती चित्राच्या आधी, कारण नव्या माणसासमोर गप्प बसलेलं मूलही माती दाबतं, थापटतं. भाषेचा प्रश्न तिथेच हलका होतो. स्वयंसेवक मराठी बोलतात, मुलं माडिया. सेविका दुभाषी होते, आणि तिलाच पुढे बसवायचं.

[दृश्य: कागदावर काळ्या रेघोट्या. हात दिसतो, चेहरा नाही.]

सर्वांत मोठी चूक इथे होते. मुलाने कागद काळा केला की पाहुणा म्हणतो, बघा, मनात भीती आहे. तीन वर्षांचं मूल रेघोट्याच ओढतं, आणि काळा घेतं कारण तो सर्वांत ठळक उमटतो. चौथ्या वर्षी डोक्यातूनच हातपाय फुटलेला माणूस येतो. सहाच्या सुमारास खाली जमिनीची रेघ. हे वयाचे टप्पे आहेत, निदान नव्हे. ‘काय घडलं ते काढ’ असं सांगायचं नाही. बंदूक निघाली तर हरखायचं नाही, दचकायचंही नाही. ‘यातलं मला काही सांगशील?’ एवढंच विचारायचं. मूल बोललं तर त्याचे शब्द मागच्या बाजूला लिहायचे, गप्प राहिलं तर विषय संपला.

लक्ष ठेवायचं ते वागण्यावर. बोलणारं मूल मुकं झालं, अंथरूण ओलं करणं नव्याने सुरू झालं, तोच भेदरलेला खेळ सुटका न होता पुन्हा पुन्हा चालला आणि हे महिनाभर टिकलं, तर सेविकेमार्फत पालकांशी बोलून आरोग्य केंद्राकडे न्यायचं. स्वयंसेवकाने उपचार करायला बसू नये.

चित्रं मुलांची. ती घरी जातात. चेहऱ्याचे किंवा गावाच्या नावाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत, देणगीसाठी तर मुळीच नाही.

[दृश्य: सेविका स्वतः सत्र घेते आहे. स्वयंसेवक मागच्या रांगेत.]

सुरुवातीची सत्रं स्वयंसेवक घेतात, मधली दोघं मिळून, शेवटची सेविका एकटी. जाताना पत्र्याचा डबा तिच्याकडे राहतो, कारण प्लास्टिकचा डबा उंदीर कुरतडतात. आत तेलखडू, कागदाची गुंडाळी, गेरूची पुडी, जाड कुंचले आणि गाळायचं फडकं. हे सगळं जूनच्या आत पोचवायचं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडू शकतो, आणि ते काही महिने अंगणवाडीला डब्यातल्याच सामानावर भागवावं लागतं.