चोथा

[काळा पडदा. मिक्सरचा आवाज.]

हा जो घरघराट ऐकताय ना, तो आमच्या घरचा मिक्सर. वय वर्षं १९. आईने त्याच्यात आजपर्यंत चटण्या, वाटणं, इडलीचं पीठ, दिवाळीला पिठीसाखर, सगळं केलंय, आणि आज सकाळी सकाळी त्याच्यात गाजर फिरतंय, कारण मी पुढचे तीन दिवस फक्त ताज्या रसांवर राहणारे आणि आमच्याकडे ज्यूसर नाही. घ्यायचाही नाही असं ठरलंय. कोल्ड प्रेसवाल्या मशीनची किंमत मी बाबांना दाखवली तर चष्मा वर करून म्हणाले, "एवढ्यात वर्षभराची फळं येतील की गं."

तारीख १० जानेवारी. १०, ११, १२ असे तीनच दिवस. खरंतर मला पाच करायचे होते, पण १३ ला भोगी, आणि आईने आधीच सांगून ठेवलेलं, "तुझे काय ते प्रयोग भोगीच्या आत उरक. न खाई भोगी तो सदा रोगी." ह्यावर वाद नाही. आमच्या घरात आहारतज्ज्ञाशी वाद घालता येतो, म्हणीशी नाही.

[गुलटेकडी मार्केट यार्ड. अंधार, हमालांच्या हातगाड्या, चहाची वाफ.]

हे आदल्या दिवशीचं. पुण्यात ज्यांनी मार्केट यार्ड पहाटे बघितलं नाही त्यांनी एकदा बघाच, थंडीत तर बघाच बघा. ट्रक रिकामे होतायत, मटार मध्य प्रदेशातनं आलाय, गाजर इंदूरकडचं, मेथीच्या जुड्यांचे ढीग माणसापेक्षा उंच, आणि ह्या सगळ्यात आमची आई, स्वेटरवर पदर खोचून, आवळे एकेक करून हातात घेऊन बघतीये. डाग असलेला नको, फार हिरवा नको, नखाने जरा दाबून बघायचा. हा शॉट मी तीन मिनिटं घेतलाय, एडिट करताना कापवेना. मावशी आवळे देताना विचारतात, "लोणचं घालताय का मोरावळा?" आई म्हणते, "नाही ओ, हिला प्यायचेत." मावशींचा चेहरा बघा आता.

घेतलेलं सामान पण सांगते: ३ किलो गाजर, १ किलो बीट, अर्धा किलो आवळे, २ दुधी, डझनभर मोसंबी, आलं, पुदिना, पालकाच्या दोन जुड्या.

[ओट्यावर सामान. आईचे हात.]

आता पहिला ग्लास. सहा गाजरं, एक बीट, दोन आवळे, बोटाच्या पेरभर आलं. गाजर सोलायचं नाही, नुसतं खरवडून धुवायचं, आई म्हणते सालीखालीच सगळं असतं. तुकडे बारीक, नाहीतर आमचा मिक्सर अडकतो आणि जळका वास सोडतो. थोडंसं पाणी. आधी थांबत थांबत फिरवायचं, मग एकदम. आणि मग पंचा.

हा पंचा बघा. पांढरा, पातळ, धुऊन धुऊन मऊ झालेला, आमच्याकडे पाडव्याला ह्याच्यात दही टांगून चक्का करतात. आई तो पातेल्यावर पसरते, मधे लगदा ओतते, चारी टोकं एकत्र धरते आणि पिळा द्यायला लागते. पहिल्यांदा काहीच होत नाही, नुसता पंचा लालेलाल होतो, मग एकदम धार लागते. आई मनगटं उलटसुलट फिरवतीये, बांगड्या वर सरकवल्यात, एक थेंब भिंतीवर उडालाय तो अजून तिथेच आहे. पिळत पिळत शेवटी जो घट्ट गोळा हातात राहतो तो चोथा. रस निघाला दोन ग्लास. चोथा निघाला दोन वाट्या.

मी तो कचऱ्याच्या डब्याकडे घेऊन निघाले तर आईने हात धरला. "ठेव तिकडे. डबा दे मला स्टीलचा." तेव्हा मला काही कळलं नाही, मी कॅमेरा रसाकडेच ठेवला, कारण रस दिसायला फार भारी दिसत होता, खिडकीतनं ऊन आलेलं आणि ग्लासात ते माणकासारखं. चव सांगू का? गोड, मग मातकट, मग आल्याने घसा गरम, आणि सगळ्यात शेवटी आवळा येऊन जीभ आवळतो. पाणी प्यायलं की परत गोड.

[आगाखान पॅलेसचा दर्शनी भाग, सकाळ. मग ताडीवाला रोड.]

ज्यूस फास्टिंग म्हटलं की हल्ली लोकांना रील्स आठवतात, पण पुण्याला उपास आणि फळांचा रस ह्यांचं नातं फार जुनं आहे. १९३२ च्या सप्टेंबरमध्ये येरवडा तुरुंगात गांधीजींनी उपास सोडला तो संत्र्याच्या रसाने, कस्तुरबांच्या हातून, आणि तेव्हा रवींद्रनाथ टागोर तिथे हजर होते. पुढच्याच वर्षी २१ दिवसांचा उपास पर्णकुटीत, ठाकरसींच्या बंगल्यात. आणि हा आगाखान पॅलेस, इथे १९४३ मध्ये १० फेब्रुवारी ते ३ मार्च, परत २१ दिवस. त्या वेळी नुसतं पाणी पोटात ठरत नव्हतं म्हणून पाण्यात थोडा मोसंबीचा रस घालून घ्यायचे. म्हणजे आमच्या ओट्यावर आहे तीच मोसंबी. अर्थात त्यांचा उपास कशासाठी आणि माझा कशासाठी, तुलना नाहीच, मी आपलं मोसंबीपुरतं बोलतीये.

ही ताडीवाला रोडवरची जागा, बापू भवन. डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचाराचं क्लिनिक इथे होतं, गांधीजी इथे येऊन राहायचे, आणि १८ नोव्हेंबर १९४५ ला निसर्गोपचाराचा ट्रस्ट झाला त्यावरनं १८ नोव्हेंबर हा आता निसर्गोपचार दिन. १९८६ पासून इथे केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था. मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला गेले, पेशंट तपासले, आणि तिथला आश्रम पुढे मणिभाई देसाईंनी सांभाळला. उरुळीला आमचं जायचं राहिलं, त्यामुळे दाखवायला काही नाही.

[तळजाई. धुकं. बरण्यांची रांग.]

हे मात्र आहे, आणि काय सुंदर आलंय. दुसऱ्या दिवशीची सकाळ. टेकडीवरनं माणसं उतरतायत, कानटोप्या, काठ्या, मोठ्याने चाललेलं राजकारण, आणि खाली काकांच्या टेबलावर बरण्या: कारलं, दुधी, आवळा, कडुनिंब, गव्हांकुर, गाजर-बीट. प्रत्येकाचा रंग वेगळा. एक आजोबा कारल्याचा रस घेतात, डोळे गच्च मिटतात, एका दमात संपवतात आणि ग्लास ठेवताना असे काही बघतात जसं काही सिंहगड सर केलाय. मी विचारलं कसं लागतं. "लागतं कसं म्हणजे? कडू लागतं." १२ वर्षं रोज घेतायत म्हणे.

त्याच दुपारी माझं डोकं जाम दुखलं, उठताना दोनदा अंधारी आली, चहा बंद केल्याचं असेल किंवा भुकेचं, ते शूट केलेलं नाही. आणि हो, बीटाने लघवी लाल होते काही जणांची, मला कोणी सांगितलं नव्हतं, मी बाथरूममधनं ओरडले, घर गोळा झालं, ते पण शूट केलेलं नाही.

[दुधी. सुरी. आईचा चेहरा, क्लोज.]

हा शॉट नीट बघा. दुधीचा रस करायच्या आधी आई दोन्ही टोकं कापते, आतला छोटा तुकडा तोंडात टाकते, चावते, थांबते. मग मान हलवते, चालेल. तिला हे तिच्या आईने शिकवलंय, काकडीचं टोक कापून चोळतात ना, फेस येईपर्यंत, त्याच वर्गातलं. काकडी, दुधी, दोडका सगळे एकाच कुळातले, आणि ह्या कुळात कधीकधी क्युकरबिटासिन नावाचं कडू विष जास्त तयार होतं. भाजीत कडू लागलं तर माणूस ताट बाजूला सारतो, पण रस मात्र औषध म्हणून नाक दाबून पितो, कडू म्हणजे गुणकारी असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं, तिथेच घोळ होतो. कारलं कडूच असतं, दुधी कडू नसतो. कडू लागला की सरळ फेकायचा, रस नाही, भाजी नाही, काही नाही. ह्याने माणसं दगावलीयेत, आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, समितीने पण हेच सांगितलंय.

आमचा दुधी गोड निघाला. पुदिना, जिरेपूड, मीठ चिमूटभर. बरा लागतो, ताकाचा लांबचा नातेवाईक म्हणा.

[फ्रीज उघडतो. स्टीलचा डबा.]

आणि आता तो डबा. दीड दिवसाचा चोथा, गाजर, बीट, आवळा, पालक, सगळ्याचे थर, वरनं बघितलं तर मातीचे थर दाखवतात तसं. आई परातीत काढते. वर भाजणी, आमच्याकडे ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद, धणे-जिरे भाजून दळून आणलेली. कांदा बारीक, मिरची-लसणाचा ठेचा, ओवा हातावर चोळून, तीळ, मूठभर कोथिंबीर. पाणी जवळजवळ लागतच नाही, चोथ्यातच ओल असते. गोळा मळला की रंग असा येतो की आईलाच हसू आलं, "हे काय गं, गुलालाचं थालीपीठ."

तव्याला तेल, गोळा ओल्या हाताने तव्यावरच थापायचा, मधोमध एक भोक आणि कडेने चार. भोकांमध्ये तेल सोडायचं. झाकण. आता ऐका.

[फक्त आवाज. १५ सेकंद.]

मी दीड दिवस काही चावलेलं नाही. कॅमेरा माझ्या हातात आहे, तो हललाय, दिसतंय तुम्हाला. कडा आधी तपकिरी होतात, मग खरपूस वास, मग आई उलथनं खाली घालून एक बाजू उचलून बघते आणि उलटते. कुरकुरीत कड, मधे मऊ. बाबांच्या ताटात पहिलं, त्यावर घरचं लोणी. बाबा खातात, कॅमेऱ्याकडे बघतात, परत खातात. हा माणूस आयुष्यात बीट खात नव्हता.

मी ओट्यापाशी दुधीचा ग्लास घेऊन उभी होते आणि तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की ह्या घरात आत्ता पौष्टिक कोण खातंय. रसात साखर आली, जीवनसत्त्वं आली, रंग आला. तंतू सगळे त्या डब्यात. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर वरनं घातलेल्या साखरेच्याच खात्यात धरते, अख्ख्या फळातली नाही धरत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत पण रसापेक्षा आख्खं फळ बरं असंच आहे. एका ग्लासाला तीन-चार मोसंब्या लागतात, ग्लास अर्ध्या मिनिटात संपतो, आणि त्याच मोसंब्या सोलून खायला बसलं तर दुसऱ्यातच पोट भरतं.

रस वाईट का? अजिबात नाही, मी आजही सकाळी घेते. पण बाबांना ह्यातनं पहिल्याच दिवशी बाद केलेलं, त्यांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, गोळ्या घेऊन असं नुसत्या रसावर राहिलं तर साखर धाडकन खाली जाऊ शकते, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी पण ह्या भानगडीत पडू नये. पुढे.

[वजनकाटा. माझे पाय.]

तिसरा दिवस संध्याकाळ. १ किलो ९०० ग्रॅम कमी. हा आकडा लोक रीलमध्ये टाकतात आणि तिथेच व्हिडिओ संपवतात. शरीर साठवणीतला ग्लायकोजेन, म्हणजे साठवून ठेवलेली साखर, आधी वापरतं आणि त्याच्या एकेका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं, ते बाहेर पडतं, काटा खाली. माझं आठवड्यात सगळं परत आलं.

[१३ जानेवारी. स्वयंपाकघर, सकाळ.]

भोगी. हे मी जवळजवळ पूर्ण ठेवलंय. उपास एकदम जड खाऊन सोडायचा नाही म्हणून सकाळी आधी मुगाच्या डाळीचं कढण, वर तूप-हिंगाची फोडणी. पहिला घास चावायचा नव्हताच, तरी मी चावला. मग दुपारी भाजी: वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, मटार, बोरं, शेंगदाणे, तिळाचं कूट. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आई दोन्ही हातांनी थापतीये, परातीत ती गोल गोल फिरतीये, तव्यावर टाकल्यावर वरनं पाणी फिरवलं, उलटली, मग जाळावर टाकली, टम्म. मुगाची खिचडी. लोण्याचा गोळा. ह्या एका ताटात गाजर आहे, आणि त्याचा चोथा काढलेला नाही कोणी.

[गच्ची. दोरीवर पंचा.]

पंचा दोनदा उकळला, लिंबू लावलं, उन्हात टाकला. मधोमध बीटाचा डाग तसाच, फिकट गुलाबी, हाताच्या पंजाएवढा. आई खालनं ओरडतीये ते ऐकू येतंय का बघा, वाऱ्यामुळे आवाज नीट आला नाही, ती म्हणतीये, "पाडव्याच्या आत नवीन आणून दे, श्रीखंड गुलाबी नकोय मला."