सायकलची वाट, पाण्याचा पाट

श्रोतेहो, नमस्कार.

बोलायचंय डोंगरातल्या सायकलवाटांबद्दल, पण सुरुवात सराट्यापासून करावी लागणार. दिवाळीनंतर माळावर वाळून पडलेला असतो ना, तोच. परवाच्या रविवारी सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावाकडं माळावरनं चाललो होतो आणि मागचं चाक बसलं. टायरवरून बोट फिरवलं तर अकरा सराटे निघाले. ढकलत ढकलत दुकान गाठलं. पंक्चरवाल्यानं ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात धरली, इकडून तिकडून बुडबुडे बघितले, ठिगळांचा डबा बंद केला आणि म्हणाला, "काका, ही झारी झाली आता. झाडांना घाला पाणी."

तर अशा माळावर चालवायची सायकल वेगळी असते. टायर रुंद आणि खाचांचं. रस्त्यावर पळवायच्या सायकलीत ८०-१०० पौंड हवा भरतात, हिच्यात २५-३० पुरते. हवा कमी असली की टायर दगडावर आदळत नाही, दगडाला बिलगतं. पुढच्या चिमट्यात धक्का गिळणारी सोय, आणि चाकाच्या मधोमध डिस्क ब्रेक. हल्ली टायरात ट्यूबच घालत नाहीत. आत एक चिकट द्राव असतो, काटा घुसला की तो भोकात जाऊन घट्ट होतो. मी हा शहाणपणा झारीनंतर केला.

या सायकलीचा जन्म झाला कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला. मरिन परगण्यात टॅमालपायस नावाचा डोंगर आहे, अंगावर झाडी, घड्यांमध्ये पाणी साठवायची तळी. १९७० च्या दशकात तिथली काही पोरं १९३०-४० च्या काळातल्या जड, भंगारात निघालेल्या सायकली घेऊन मातीच्या वाटेनं खाली सुटायची. पेडल उलटं मारलं की मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, लागणारा ब्रेक. उतार असा, की खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस तापून धूर व्हायचं, मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं. याला इंग्रजीत म्हणतात 'रिपॅक', आणि १९७६ साली तिथून जवळच अशाच एका वाटेवर सुरू झालेल्या शर्यतीचं नावही तेच पडलं. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी सांगाडा बनवला, आणि १९९६ ला अटलांटात हा खेळ ऑलिम्पिकमध्ये गेला. थोडक्यात, मेकॅनिकच्या वैतागातून निघालेला खेळ आहे हा. मला त्यामुळं तो जवळचा वाटतो.

माझी लेक मँचेस्टरला असते. तिच्याकडं गेलो तेव्हा तिनं गाडीत घातलं आणि इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये नेलं. नावातच तळी. गंमत म्हणजे तिथल्या मोठ्या तळ्यांपैकी एकाच्याच नावात 'लेक' आहे, बॅसनथ्वेट लेक. बाकीची सगळी 'वॉटर' नाहीतर 'मिअर'. त्या बॅसनथ्वेटच्या बाजूला व्हिन्लॅटर नावाचं डोंगरातलं जंगल आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडला लाकूड पुरेना, म्हणून १९१९ मध्ये सरकारनं वनखातं उभं केलं आणि असे डोंगरच्या डोंगर सूचीपर्णी झाडांनी भरले. आज त्याच झाडांमधून सायकलवाटा आखल्यात. वाटेच्या तोंडाशी रंग लावलेला असतो. हिरवी लेकराबाळांची, निळी बेताची, लाल कसलेल्यांची, काळी ज्यांचं घरी काही ऐकत नाहीत त्यांची. मी निळीवर गेलो. लेक म्हणाली, "बाबा, लाल जमेल तुम्हाला." म्हटलं, तू लालवर जा, मी खाली चहा सांगून ठेवतो.

पण माझं लक्ष त्या वाटेतच अडकलं. त्या भागातलं सीथवेट हे इंग्लंडमधल्या सगळ्यात जास्त पावसाच्या गावांपैकी एक, वर्षाला सुमारे ३५०० मिलिमीटर. आपल्याकडं पाचशे-सातशे झाला तर आपण बरं वर्ष म्हणतो. एवढ्या पावसात मातीची वाट टिकते कशी? उतरून, गुडघ्यावर बसून बघितलं. वाट डोंगरावरून सरळ खाली येतच नव्हती, आडवी फिरत होती. बाहेरच्या अंगाला जराशी कललेली, तळहातावर पाणी घेऊन ते एका बाजूनं सोडावं तशी. आणि दर थोड्या अंतरावर उतरता उतरता मधेच एक छोटा चढ.

वाटा काढणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे. डोंगराला जेवढा उतार, त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त वाटेला द्यायचा नाही. आणि एकूण सरासरी शंभर फुटांना दहा फुटांच्या आसपास. कारण साधं आहे. निम्म्याच्या वर गेलात की पाणी वाट ओलांडत नाही, वाट धरून पळतं. मधले ते छोटे चढ उड्या मारायला असतात असं पोरांना वाटतं. असूदेत. ते खरे पाणी बाहेर काढायला असतात.

तिथं जवळच थर्लमिअर नावाचं तळं आहे. ते बांध घालून मोठं केलं आणि १८९४ पासून त्याचं पाणी मँचेस्टरला जातं, दीडशे किलोमीटरवर, एकही पंप न लावता, फक्त उतारावर. लेकीच्या नळाला आलेलं पाणी त्या दिवशी मी जरा बिचकतच प्यालो. उजनीचं पाणी आपल्याकडं पंपानं येतं आणि ते कधी येणार यावर पाहुण्यांना कधी बोलवायचं ते ठरतं, हे तुम्हाला काय सांगायचं.

आणखी एक गोष्ट तिथं ऐकली. दलदलीच्या जागी पायवाट खचते, तर खाली मेंढीची लोकर अंथरतात आणि वर दगडमुरूम टाकतात. लोकर कुजत नाही लवकर, वाट तिच्यावर तरंगते. तिथल्या मेंढ्यांची लोकर जाडीभरडी, भाव येत नाही, म्हणून ही युक्ती. मला सांगोल्याकडचे धनगर आठवले. घोंगडीला गिऱ्हाईक नाही म्हणून लोकर पडून असते आपल्याकडंही.

परत आल्यावर डोक्यात तेच. माझ्या मामांचं रान बार्शी तालुक्यात, पांगरीच्या पुढं, बालाघाटाच्या कडेला. पुढं येडशीचं रामलिंग, तिथली ती गर्द झाडी तुम्ही पाहिली असेल. ते अभयारण्य आहे, तिथं मनाला येईल तिकडं सायकल घालायची नसते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातही तेच. माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, बहुतेक वेळा एकच, आणि असे पक्षी आता हातावर मोजण्याइतके उरलेत. तिथल्या गवतात चाक नेणाऱ्याला मी सायकलवाला म्हणणार नाही. मामांच्या मालकीची टेकडी मात्र मोकळी होती.

मागच्या वैशाखात मी कुदळ घेऊन एक वाट काढली. शिकून आलेलं सगळं विसरलो आणि माथ्यावरनं सरळ खाली आणली, कारण सुटायला मजा येते. काय मजा आली म्हणता! दोन आठवडे. मृगाचे दोन पाऊस झाले आणि माझ्या वाटेचा गुडघाभर ओघळ झाला. सगळा मुरूम खालच्या काळ्या रानात. त्या रानातून सायकल काढताना चाक आणि चिमट्याच्या मधे चिखल असा बसला, की चाक फिरेना. काडीनं कोरून काढावा लागला.

मामा धुऱ्यावर उभे राहून बघत होते. ७२ च्या दुष्काळात ते वीस-एकवीस वर्षांचे होते, समपातळी बांधांच्या कामावर मुकादमाच्या हाताखाली. कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सोलापुरात १९३३ पासून आहे. पाणी अडवायची विद्या या मातीला नवी नाही. मामा एवढंच म्हणाले, "अरे, तू वाट नाही काढलीस, पाट काढलास."

यंदाच्या वैशाखात त्यांनीच मनावर घेतलं. गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी आणली, एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. "हलू नकोस. पाणी ठरू दे." पाणी ठरलं की खुंटी, मग पुढं दहा पावलं. उन्हात तीन दिवस. त्या मधल्या चढांना त्यांनी नाव ठेवलं, म्हशीची पाठ. अशा सात पाठी केल्या. दुपारी बाभळीखाली कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. मी त्यांना इंग्लंडमधला तो निम्म्या उताराचा नियम सांगितला. ऐकून घेतला आणि म्हणाले, "बरोबर सांगितलंय त्यांनी. आमच्या मुकादमाला कुठं भेटले होते का?"

परतीचा पाऊस यंदा कसा झाला ते आपण सगळ्यांनी पाहिलं. सातातल्या सहा पाठी जागच्या जागी आहेत, पाणी बाजूला गवतात गेलंय. सातवी, वळणावरची, तिथं मात्र गाळ बसला. ते वळण मी आखलं होतं. काल मामांचा फोन आला. रविवारी येताना खोरं आण म्हणाले, त्यांच्याकडचं मोडलंय. आणि चटणी, पण मागच्या वेळेपेक्षा जरा तिखट.

नमस्कार.