एका चर्चसाठी चाळीस वर्षं

नमस्कार श्रोतेहो.

जुन्या वाड्यांत दारांवरच्या झडपांना लाल, हिरव्या, निळ्या काचा बसवलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. ऊन कललं की त्यांचे रंग जमिनीवर उतरतात आणि घरातलं लहान मूल हमखास त्या रंगाखाली तळहात धरून बघतं. रंग हाताला लागत नाही, पण हात लाल होतो. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्या पोलिश चित्रकार युझेफ मेहोफेर यांनी उभा जन्म या उतरणाऱ्या रंगाचं काम केलं.

मेहोफेर यांचा जन्म १९ मार्च १८६९ चा, रोप्चित्से गावचा. गाव पोलिश, पण तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो आपापसांत वाटून घेतला होता आणि हा भाग ऑस्ट्रियाकडे होता. क्राकोव्हच्या कलाशाळेत यान मातेय्को हे थोर इतिहासचित्रकार त्यांचे गुरू. तिथेच त्यांना जिवाभावाचा मित्र भेटला, स्तानिस्वाफ विस्प्यान्स्की. दोघंही एकाच वर्षी जन्मलेले, मित्र दोन महिन्यांनी मोठा. मातेय्कोंनी क्राकोव्हच्या सेंट मेरी चर्चच्या भिंती रंगवायला घेतल्या, तेव्हा ही दोन पोरं एकाच परांचीवर चढून काम करत होती. त्याच चर्चच्या पश्चिमेकडच्या मोठ्या खिडकीची चित्रंही दोघांनी मिळून काढली. पुढे पॅरिसलाही काही काळ दोघांचा स्टुडिओ एकच होता.

पॅरिसमध्ये शिकत असतानाच मेहोफेर यांनी एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर शहरातल्या सेंट निकोलस चर्चला नव्या रंगीत खिडक्या हव्या होत्या. साल १८९५. निवड झाली ती या सव्वीस वर्षांच्या पोलिश विद्यार्थ्याची.

इथे काचचित्र कसं होतं तेही सांगायला हवं. चित्रकार खिडकीच्या मापाचं पूर्ण चित्र कागदावर काढतो. त्यावरून प्रत्येक रंगाची काच वेगळी कापतात. काचेचा रंग वरून दिलेला नसतो, काच वितळलेली असतानाच तो तिच्यात मिसळलेला असतो. कोबाल्टनं निळा येतो. चेहरे, बोटं, कपड्यांच्या चुण्या मात्र गडद रंगानं काचेवर काढून भट्टीत भाजतात. मग शिशाच्या पट्ट्यांत एकेक तुकडा बसवून सांधे डाखतात. म्हणजे चित्रातली काळी रेघ ही नुसती रेघ नसते, सगळा भार तीच पेलते. मेहोफेर यांना हे फार आतून कळलं होतं. त्यांच्या काचांतल्या रेघा वेलीसारख्या वळतात, फुलांत शिरतात, संतांच्या वस्त्रांवरून वाहत खाली येतात.

फ्रिबूरच्या कारागिरांच्या भट्टीत एकेक खिडकी तयार होत गेली. आधी ख्रिस्ताचे प्रेषित. मग विजयाची माता मेरी: या खिडकीत १४७६ च्या मुर्टनच्या लढाईची आठवण आहे, स्विस लोकांनी बर्गंडीच्या ड्यूकला हरवलं ती लढाई. त्यानंतर हुतात्मे संत. १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या काचकामाला सुवर्णपदक मिळालं. दुसरा कुणी असता तर तेवढ्यावर निघून गेला असता. मेहोफेर यांनी काम सोडलं नाही. मध्ये पहिलं महायुद्ध आलं आणि गेलं, १९१८ साली त्यांचा देश पुन्हा नकाशावर आला, १९२४ साली त्या चर्चला कॅथीड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, मान मिळाला, आणि काम चालूच होतं. १९३६ साली ते संपलं तेव्हा मेहोफेर सदुसष्ट वर्षांचे होते. परक्या देशातल्या एका इमारतीला दिलेली ही चाळीस वर्षं! मला या माणसाविषयी सगळ्यात जास्त काय वाटत असेल, तर ते हेच.

तिकडे ते काम चालू असताना इकडे क्राकोव्हच्या अकादमीत ते शिकवत होते, चित्रंही रंगवत होते. १९०२-०३ मधलं त्यांचं ‘विचित्र बाग’ हे चित्र आज वॉर्सॉच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. फळांनी लगडलेली सफरचंदाची झाडं, निळ्या झग्यातली पत्नी यादविगा, उन्हात उघडा उभा असलेला लहानगा मुलगा, मागे दाई. आणि या साऱ्यांच्या वर, चित्राच्या अगदी पुढ्यात, एक प्रचंड सोनेरी चतुर. माणसांपेक्षा मोठा वाटणारा! त्यावर लोक आजही तर्क लढवतात. मला मात्र त्याचे पंख पाहिले की शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली काच दिसते. कॅनव्हासवरसुद्धा त्यांना उजेड पलीकडूनच यायला हवा होता.

विस्प्यान्स्की १९०७ साली गेले, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. तोवर त्यांनी नाटकं लिहिली होती, क्राकोव्हच्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये सृष्टी घडवणाऱ्या परमेश्वराची विलक्षण खिडकी केली होती. त्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी मेहोफेर यांनी क्राकोव्हच्या क्रुपनिचा रस्त्यावर २६ क्रमांकाचं घर विकत घेतलं. विस्प्यान्स्की जन्मले ते हेच घर. मेहोफेर तिथे राहायला गेले आणि मागच्या अंगणात त्यांनी स्वतः बाग आखली. ८ जुलै १९४६ रोजी वादोवित्से इथे त्यांचं निधन झालं. १९९६ पासून त्या घरात त्यांचं संग्रहालय आहे, आणि मागची ती बागही पुन्हा लावलेली आहे.

नमस्कार.